जोड भार कसा पेलतो?

आमच्या गावातली गोष्ट. उसाने भरलेली ट्रॉली चढाला लागली होती. एकाएकी कडाड् आवाज झाला. ट्रॅक्टर पुढे गेला आणि ट्रॉली मागे घरंगळत बांधाला जाऊन अडली. मागे कोणी माणूस नव्हते, म्हणून बरे! पाहतो तो हुकाजवळचा जोड उकललेला. चारच दिवसांपूर्वी तो वेल्डिंग करून आणला होता. वरून चांगला जाड दिसत होता. मग तुटला कसा?

वेल्डिंग म्हणजे चिकटवणे नव्हे. विजेच्या धगीने दोन्ही लोखंडांच्या कडा वितळतात. रॉडही वितळतो. तिन्हींचा रस एक होतो आणि थिजतो. असा एकजीव झालेला जोड मूळ लोखंडाइतका बळकट होऊ शकतो. पण कडा वितळल्याच नाहीत आणि नुसता रॉडचा रस वर बसला, तर तो भिंतीवरच्या पोपड्यासारखा. धक्का लागला की सुटला! म्हणून गंज, रंग, तेल आधी घासून काढावे लागते.

आता एक प्रयोग करा. कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. त्यांची टोके एकावर एक ठेवून खळीने चिकटवा. वाळल्यावर दोन्ही पट्ट्या सरळ ओढा. जोड सहज सुटत नाही. आता एका पट्टीचे टोक उचलून सोला बरे. लगेच सुटते! असे का? सरळ ओढताना सगळी खळ एकदम झुंजते. सोलताना सारा भार एका कडेवर येतो. ती कड सुटली की पुढची, मग त्याच्या पुढची.

लोखंडाच्या जोडाचेही तसेच आहे. जोडाच्या लांबीच्या दिशेने ओढ आली, तर तो चांगला टिकतो. पण एकाच बाजूने जोडलेली पट्टी वाकू लागली, तर जोड पुस्तकासारखा उघडतो. आमच्या ट्रॉलीचे हेच झाले. जोड एकाच बाजूने मारला होता. म्हणून भाराच्या जागी दोन्ही बाजूंनी जोड हवा.

जोडाची ताकद त्याच्या फुगवट्यात नसते. कोपऱ्यातला जोड तिकोनी असतो. त्याची बाजू ६ मिलिमीटर असली, तर मधली अरुंद जागा ४ मिलिमीटरच्या थोडी वर भरते. भार पेलते ती हीच जागा. वर रसाचा ढीग केला, तरी फारसा उपयोग नाही. त्यापेक्षा जोडाची लांबी वाढवावी. ५ सेंटिमीटरच्या जागी १० केली, की ताकद जवळजवळ दुप्पट.

हिसक्यांचेही भान ठेवावे. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. खड्ड्यांतून जाताना ट्रॉलीचा जोडही असाच थकतो. जोडाच्या कडेला केसाएवढी चीर पडते आणि रोज थोडी थोडी वाढते.

ही चीर मोठमोठ्यांनाही भोवली आहे. अमेरिकेत पोर्टलंड येथे स्केनेक्टडी नावाचे नवे तेलवाहू जहाज बांधले होते. १६ जानेवारी १९४३ रोजी ते धक्क्याला, शांत पाण्यात उभे होते. तेवढ्यात ते जवळजवळ दुभंगले! जोडात दोष होता, आणि थंडीत ते पोलाद ठिसूळ झाले होते. रिबिटांच्या जहाजात चीर पत्र्याच्या कडेशी थांबू शके. वेल्डिंगने सगळे पत्रे एकसंध झालेले. मग चीर थांबणार कुठे? पुढे जहाजबांधणीत सुधारणा झाल्या. ते जहाजही दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागले.

तेव्हा मंडळी, जोड करून घेताना समोर उभे राहून विचारा. जागा घासली का? दोन्ही बाजूंनी मारला का? जोडावरची मळी ठोकून काढायला सांगा. खाली भोके किंवा चिरा दिसल्या, तर ते काम घेऊ नका. हंगामात दर आठवड्याला हूक पुसून पाहा. जोडाच्या कडेला गंजाची बारीक रेघ दिसली, तर ट्रॉली तिथेच थांबवा.

आमच्या गावची ती ट्रॉली आता दोन्ही बाजूंनी जोडली आहे. वरून आधाराची पट्टीही घातली आहे. तरी चढावर तिच्या मागे कोणी चालत नाही. तुम्हीही चालू नका.