कंबर वाकवू नका, टेबल उंच करा

मस्कतजवळील अल मवालेह हे गाव भाजीफळांच्या मोठ्या मंडईमुळे ओळखले जाई. ती मंडई 2024 साली बरका भागातील खझाइन येथे गेली. आपले मराठी लोक मात्र अल मवालेहमध्ये आजही राहतात. त्यांपैकी रत्नागिरीकडच्या एका जोडप्याकडे आम्ही पाहुणे होतो. आपले पूर्वजही त्याच बाजूने जहाजात बसून मॉरिशसला आले, त्यामुळे बोलणे लगेच घरच्यासारखे झाले.

दादा आणि वहिनी एका खानावळीच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभ्याने चपात्या लाटतात, भाजी चिरतात. दादांची कंबर इतकी धरली होती की नोकरी सोडून गावी परतावे, असे त्यांच्या मनात होते. पण परतले तर मुलांच्या शिक्षणाचे काय?

आम्ही त्यांना टेबल मोजायला सांगितले. टेबलाची उंची भरली 75 सेंटिमीटर, म्हणजे खुर्चीवर बसून लिहिण्याच्या टेबलाएवढी! दादांचे कोपर जमिनीपासून 106 सेंटिमीटरवर. दुखण्याचे मूळ तेथेच होते.

उभ्याने करायच्या कामाचे माप कोपरावरून घ्यावे. कामाच्या चपला घालून सरळ उभे राहावे, खांदे सैल सोडावेत, हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावे. बारीक नजरेचे काम असेल तर टेबल कोपराच्या 5 सेंटिमीटर वर असावे. भाजी चिरण्यासारखे हलके काम कोपराखाली 5 ते 10 सेंटिमीटरवर करावे. अंगाचा भार देऊन करायच्या जड कामाला टेबल 20 ते 40 सेंटिमीटर खाली हवे. टेबल फार खाली असले तर पाठ वाकते, फार वर असले तर खांदे उचलले जातात.

चपाती लाटणे हे हलके नाही आणि फार जडही नाही. म्हणून दादांनी एका टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घट्ट बसवून ते 88 सेंटिमीटर केले. भाजी चिरताना त्यावर ते 8 सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा ठेवतात. वहिनींचे कोपर 94 सेंटिमीटरवर. चिरायला त्यांना टेबल तसेच बरोबर होते. लाटताना त्या 10 सेंटिमीटर उंचीच्या रुंद, न हलणाऱ्या पाटावर उभ्या राहतात. दुसरे टेबल जुन्याच उंचीचे ठेवले, कारण कणीक मळायला जोर लागतो. दोघेही एक पाय छोट्या चौरंगावर ठेवतात आणि थोड्या वेळाने पाय बदलतात. अधूनमधून बसतातही, कारण टेबल कितीही योग्य असले तरी सतत उभे राहणे शरीराला सोसत नाही.

काही आठवड्यांनी दादांचा निरोप आला : दुखणे पुष्कळ कमी झाले आहे, गावी परतण्याचा विचार सोडला आहे.

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या घरची रोश-कारी आठवा. मसाला वाटायला अंगाचा भार द्यावा लागतो, म्हणून तिची जागा भाजी चिरण्याच्या ओट्यापेक्षा खालीच हवी. आणि एकाच ओट्यावर उंच सून व ठेंगणी सासू काम करीत असतील, तर ओटा उंच सुनेच्या मापाचा करावा आणि सासूबाईंना पायाखाली भक्कम पाट द्यावा.

कष्ट करणे हा आपल्या पूर्वजांचा वारसा आहे. पण वाकलेली कंबर वारशात देण्याचे कारण नाही. आज संध्याकाळी घरातला ओटा एकदा मोजून पाहा.