खुरप्याचं स्मारक

सॅन फ्रान्सिस्कोचं गोल्डन गेट पार्क मुळात वाळूच्या टेकड्यांवर उभं आहे, हे तिथली गर्द झाडी पाहून कोणाला पटणार नाही. १८७०च्या दशकापासून समुद्रावरच्या वाऱ्याशी झगडत माणसांनी हजारेक एकरांवर ही हिरवाई उभी केली. उद्यानाच्या पूर्व भागात डी लाव्हिएगा डेल नावाचा एक खोलगट तुकडा आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याची पार रया गेली होती. देखभालीला पैसा नव्हता, काटेरी झुडपं माजली होती, कचरा साठला होता. आज तिथे नॅशनल एड्स मेमोरियल ग्रोव्ह आहे, म्हणजे एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ केलेली बाग. ती राखण्यात शनिवारी येणाऱ्या स्वयंसेवकांच्या श्रमदानाचा मोठा वाटा आहे.

हे श्रमदान सुरू झालं तो काळ डोळ्यांसमोर आणायला हवा. १९८१मध्ये या आजाराच्या पहिल्या नोंदी झाल्या आणि पुढच्या दहा वर्षांत शहरातल्या समलिंगी पुरुषांची एक अख्खी पिढी झिजत गेली. कॅस्ट्रो या त्यांच्या वस्तीच्या भागात तिशी-पस्तिशीची माणसं काठी टेकत चालताना दिसायची. गेलेल्याच्या जोडीदाराला कायद्याने काहीच स्थान नव्हतं. कित्येकदा घरचे लोक येऊन मृतदेह गावी नेत, मृत्यूचं कारण लपवत आणि ज्याने महिनोन् महिने शुश्रूषा केली त्याला अंत्यविधीला बोलावतही नसत. शिवाय या शहरात दफन जवळजवळ होतच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथे नव्या दफनांना बंदी आली आणि पुढे बहुतेक दफनभूमी दक्षिणेला कोल्मा गावी हलवल्या गेल्या. मग फुलं घेऊन जायचं तरी कुठे?

१९८८मध्ये काही मित्रमंडळींच्या मनात बागेची कल्पना आली. त्यांच्यात बागांची आखणी करणारे जाणकार होते, तसेच आपली माणसं गमावलेलेही होते. पालिकेशी बोलणी झाली, आराखडे निघाले आणि सप्टेंबर १९९१मध्ये पहिलं श्रमदान झालं. त्या वर्षांत काम करणाऱ्यांपैकी काही जण स्वतःच आजारी होते. आपण लावलेलं झाड वाढलेलं बघायला आपण नसणार, हे माहीत असूनही ते आळी करत होते. १९९६मध्ये शहराच्या खासदार नॅन्सी पेलोसींच्या पुढाकाराने अमेरिकी काँग्रेसने या बागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. प्रभावी औषधांचा मिश्र उपचारही त्याच सुमारास हाती आला. ऑगस्ट १९९८मध्ये ‘बे एरिया रिपोर्टर’ या तिथल्या समलिंगी समाजाच्या साप्ताहिकाने पहिल्या पानावर ठळक बातमी दिली: या अंकात एकही मृत्युवार्ता नाही. कित्येक वर्षांत असा अंक निघालाच नव्हता.

श्रमदानाचा हंगाम साधारण मार्च ते ऑक्टोबर, महिन्यातला एक शनिवार. सकाळी सगळे जमतात. कोणी वर्षानुवर्षांचे, कोणी पहिल्यांदाच आलेले. हातमोजे, खुरपी, दाताळी वाटली जातात. बागकामातलं काहीही येत नसलं तरी चालतं, कारण कुठलं तण आणि कुठलं रोप हे दाखवायला जाणती माणसं असतात. तण उपटायचं, पालापाचोळा पसरायचा, पायवाटा मोकळ्या करायच्या. अनोळखी माणसाशी समोरासमोर बसून दुःखाची गोष्ट काढणं अवघड. शेजारी उकिडवं बसून, नजर मातीत ठेवून ती सहज निघते. मधे सगळे हात धरून कडं करतात, काही क्षण स्तब्ध राहतात, ज्याला वाटेल तो आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घेतो. मग एकत्र जेवण. इथे कोणी कोणाला तुझं कोण गेलं असं विचारत बसत नाही, ही मला या मंडळींची मोठीच समज वाटते.

दहा एकरांच्या या बागेत रेडवूडचे उंच वृक्ष आहेत. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्यात समुद्रावरून येणारं धुकं त्यांच्या पानांवर अडकतं आणि थेंबाथेंबाने मुळांशी उतरतं. एका बाजूला ‘सर्कल ऑफ फ्रेंड्स’ ही गोल फरसबंदी आहे. तिच्यावर वर्तुळावर वर्तुळ अशी नावं कोरली आहेत. गेलेल्यांची, त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांची आणि मदत करणाऱ्यांचीही.

मात्र एवढी शांत बाग सगळ्यांनाच पुरेशी वाटली नाही. शेजारच्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनाही ती ठाऊक नसायची. एवढा मोठा संहार असा झाडीआड लपवायचा का, हा प्रश्न रास्त होता. २००४-०५मध्ये रचनास्पर्धा घेतली गेली. जिंकलेल्या आराखड्यात जळक्या जंगलासारखे काळे कार्बन-तंतूंचे खांब उभे राहणार होते. पाहणाऱ्याला हादरवणारी कल्पना होती, पण स्वयंसेवकांपैकी अनेकांना ती सोसवेना. जिथे जगण्याकडे परत यायला मदत झाली, तिथे राख कशाला, असं त्यांचं म्हणणं. अखेर ते खांब उभे राहिले नाहीत. माझं मत विचाराल तर निर्णय बरोबर झाला. खांब एकदा उभे केले की ते पाहायला लोक येतात आणि पाहून जातात. तणासाठी मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा यावंच लागतं.

आता येणाऱ्यांत समलिंगी मंडळींबरोबर शाळकरी मुलं असतात, कंपन्यांचे गट असतात. एड्सचा तो काळ न पाहिलेली पिढी जुन्या माणसांकडून छाटणी शिकते आणि तेवढ्यात बाकीचंही ऐकते. बाग चालवणाऱ्या संस्थेकडे २०२०पासून एड्स स्मृतिगोधडीही सांभाळायला आली आहे, म्हणजे एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत शिवलेल्या तुकड्यांची गोधडी. तिचे सुमारे पन्नास हजार तुकडे आहेत, प्रत्येक तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, एकूण वजन ५४ टन. जुन्या तुकड्यांची शिवण उसवते, कापड विरतं, तेव्हा खुरप्यांच्या जोडीला आता सुईदोऱ्याचंही काम आलं आहे.