दहा दिवसांत दहा किलो? आधी हिशोब मांडू या

दरवेळी आपण बचतीचा हिशोब करतो, आज वजनाचा करू या.

आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका वहिनींनी साडेचार हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर आधी बोलेनात. मग म्हणाल्या, "थे बाई म्हणे, भाकर सोडा अन् सकाय-संध्याकाय पावडर घ्या. दहा दिवसांत दहा किलो उतरते." चांदूर बाजारला आठवडी बाजारात ओळख झालेली ती बाई डबे विकत होती. आम्ही नाही म्हटलं नाही. वही उघडली आणि हिशोब मांडला.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. घरात आणि वावरात राबणाऱ्या बाईचं शरीर दिवसाला साधारण २,१०० कॅलरी खर्च करतं. तिनं दहा दिवस अन्नाचा कण घेतला नाही, तरी २१,००० कॅलरी होतात. म्हणजे पावणेतीन किलोसुद्धा चरबी जात नाही. मग दहा किलो कुठून उतरणार?

पण काट्यावर वजन उतरलेलं दिसतं, तिथंच आपण फसतो. भाकर-भात बंद केला की शरीरात साठलेली साखर संपते आणि तिच्यासोबतचं पाणी बाहेर पडतं. काटा एक-दोन किलो खाली येतो. जेवण सुरू झालं की पाणी परत येतं. मग विकणारी म्हणते, "अजून एक डबा घ्या."

पैसे जातात ते वेगळेच, जिवालाही धोका असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यात वरण-भाकर, पालेभाजी सुटली तर निंदणाला वाकताना चक्कर येणारच. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या बाईनं उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तर या वाटेला जाऊच नये. 'वनौषधी' म्हणून विकलेल्या काही वजनाच्या मालात सिब्युट्रामिन नावाचं औषध लपवलेलं सापडलं आहे. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका असल्यानं आपल्या देशात २०११ पासून त्यावर बंदी आहे.

फसवणूक ओळखायची कशी?

• दिवस आणि किलो ठरवून हमी देतात.
• 'आधी-नंतर'चे फोटो दाखवतात, पक्कं बिल मात्र देत नाहीत.
• डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगतात.
• डब्यावर घटक, तारीख किंवा अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक नसतो. क्रमांक असला तरी त्यानं वजन उतरतं असं सिद्ध होत नाही.
• "तीन बाया जोडा, तुमचा डबा फुकट" म्हणतात. माणसं जोडून पैसे फिरवणाऱ्या साखळी योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाई आहे.

लठ्ठपणा घालवणाऱ्या औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हेही ध्यानात ठेवा. फसवणूक झाली असेल तर बिल, डबा, मोबाईलवरचे संदेश जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करा. लाज बाळगू नका. लाज फसवणाऱ्याला वाटायला पाहिजे.

वजन खरंच जास्त असेल तर आठवड्याला अर्धा किलो उतरणं पुष्कळ झालं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी सोडायची गरज नाही. तेल, साखर, चहासोबतची बिस्किटं, फरसाण कमी करा. त्याआधी आशाताईंना विचारून उपकेंद्रात बीपी, साखर आणि रक्त तपासून घ्या.

त्या वहिनींनी तपासणी केली. वजन थोडंच जास्त होतं, रक्त मात्र बरंच कमी निघालं. पावडर घेतली असती तर काय झालं असतं, याचा विचार करून सगळ्या गप्प झाल्या. आता आमच्या गटाच्या वहीत एक ठराव आहे: वजनाच्या कोणत्याही मालासाठी कर्ज मागितलं, तर आधी तपासणीचा कागद आणि पक्कं बिल पाहायचं. तुमच्या पुढच्या बैठकीतही हा विषय घ्या.