दुडकी नसलेला जिराफ

जिराफाच्या लाथेने सिंह मरतो का, असं एका वाचकाने विचारलं आहे. मरू शकतो. पायच माणसाएवढे उंच, त्याखाली जवळपास 30 सेंटिमीटर रुंदीचे खूर. मारतो तो चारी पायांनी: पुढचा वरून खाली आपटतो, मागचा झाडतो. पिल्लाला पोटाखाली घेऊन उभी असलेली आई सिंहिणींना अशीच थोपवून धरते. पण चित्रफितींवरून वाटतो तितका हा प्रसंग रोजचा नव्हे. जिराफ बहुतेक वेळा सिंहाला लांबूनच हेरतो आणि वाट बदलतो. सिंहांचा डोळा असतो तो मुख्यतः पिल्लांवर. बऱ्याच ठिकाणी निम्मी पिल्लं पहिलं वर्षही पुरं करत नाहीत.

मला मात्र लाथेपेक्षा त्याची चाल वेड लावते. जिराफ एक तर चालतो, नाही तर चौखूर उधळतो. घोड्याची मधली दुडकी त्याला नाहीच. धड आखूड आणि पाय लांब, त्यामुळे दुडकी धरली तर मागचा पाय पुढच्यात अडकेल. चालताना मागचा पाय पुढे येऊ लागला, की त्याच बाजूचा पुढचा लगेच उचलला जातो आणि जागा मोकळी होते. उधळला की मागचे दोन्ही पाय पुढच्यांच्या बाहेरून पुढे पडतात. जड मान झेपेच्या तालात पुढे-मागे होऊन तोल सांभाळते. वेग ताशी 50 किलोमीटरच्याही वर जातो.

हे बारकावे टिपले अ‍ॅन इनिस डॅग यांनी. 1956 साली, तेविसाव्या वर्षी, कॅनडाहून ही मुलगी एकटी दक्षिण आफ्रिकेत गेली. जेन गुडाल चिंपांझींकडे पोचायला अजून चार वर्षं होती! पत्रांवर सही ‘ए. इनिस’, त्यामुळे क्रूगर अभयारण्याजवळच्या कुरणाच्या मालकाला येणारा पुरुषच वाटला होता. तिथे त्यांनी जिराफांचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट थांबवून कोणता पाय केव्हा टेकतो ते नोंदलं. पुढे प्राण्यांच्या चालींवरच डॉक्टरेट मिळवली. एवढं करूनही 1972 मध्ये गुएल्फ विद्यापीठाने त्यांना कायम प्राध्यापकपद नाकारलं. हा उघड अन्याय होता. विद्यापीठाने माफी मागितली ती 2019 साली, त्या 86 वर्षांच्या झाल्यावर. नकारानंतर चारच वर्षांनी ब्रिस्टल फॉस्टर यांच्यासह त्यांनी लिहिलेला जिराफावरचा ग्रंथ आला. नंतरचे अभ्यासक कित्येक वर्षं त्याच ग्रंथापासून सुरुवात करत आले.