पहिली भूमिका मिळते कशी?

मराठी नटाची सुरुवात बहुधा कॉलेजच्या एकांकिकेतून होते. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ मध्ये पुरुषोत्तम करंडक सुरू केला, आणि भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी आजही घुमते. कॉलेज सुटल्यावर रात्री उशिरापर्यंत तालमी चालतात. स्पर्धेच्या दिवशी कोणी नेपथ्य उचलून आत आणतो, कोणी संगीत सांभाळतो, कोणी संहिता हातात धरून विंगेत प्रॉम्प्टिंगला उभा राहतो. नट व्हायला आलेल्या मुलाच्या वाट्याला पहिल्या वर्षी बहुतेकदा हेच काम येते, आणि ते वाया जात नाही. रोज विंगेतून बघून बघून अख्खे नाटक त्याला पाठ होते. एखादा नट ऐन वेळी आजारी पडला की ‘रिप्लेसमेंट’ म्हणून आधी त्यालाच उभे करतात. अनेकांची पहिली भूमिका अशी आली आहे.

एकांकिका गाजली की कधी कधी ती व्यावसायिक रंगभूमीवर जाते आणि आपल्या नटांनाही सोबत नेते. देवेंद्र पेम यांची ‘ऑल द बेस्ट’ आधी एकांकिका होती. १९९३ मध्ये तिचे दोन अंकी नाटक झाले आणि भरत जाधव, अंकुश चौधरी व संजय नार्वेकर महाराष्ट्राला ठाऊक झाले. भरत जाधव त्याआधी शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’त होते. म्हणजे प्रेक्षकाला जे एका रात्रीतले यश वाटते, त्यामागे अनेक वर्षांचा रियाज असतो.

कॉलेजची वाट सगळ्यांना मोकळी नसते. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात त्यांचा अभिनय तयार झाला, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नाव झाले आणि १९६८ मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’ हा चित्रपट मिळाला. लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करत छोट्या भूमिका करत राहिले. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टूरटूर’ने त्यांना प्रकाशात आणले. ‘सैराट’साठी नागराज मंजुळे यांनी अकलूजच्या शाळकरी रिंकू राजगुरूला निवडले, पण तसे दार क्वचितच उघडते.

आता मालिकांमुळे कामे वाढली आहेत. ऑडिशन मोबाइलवर चित्रित करून पाठवता येते, त्यानंतर लूक टेस्ट होते. मात्र हाती पडणारा पैसा उशिरा येतो. मालिकेच्या कामाचे मानधन तीन महिन्यांनी मिळणे नेहमीचे आहे. नाटकात दर प्रयोगाचे मानधन, म्हणजे ‘नाइट’, मिळते, पण प्रयोग लागले तरच. म्हणून सुरुवातीची काही वर्षे नोकरी, डबिंग किंवा नाट्यशिबिरे यांचा आधार धरणे शहाणपणाचे ठरते. राज्य नाट्य स्पर्धेत आजवर उतरलेले कितीतरी गुणी नट दिवसा बँकेत किंवा सरकारी कचेरीत काम करणारेच होते.

या धडपडीचा गैरफायदा घेणारेही आहेत. नोंदणी फी, पोर्टफोलिओची सक्ती, ‘भूमिका पक्की’ करण्यासाठी आगाऊ रक्कम असे काही कोणी मागितले, तर तिथून सरळ निघून यावे. नटाला काम देणारा निर्माता त्याला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही.