‘नीतिमान् ठरणें’ : एका ख्रिस्ती पारिभाषिक शब्दाचा विचार

१. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आमच्या कित्येक मित्रांची अशी संवय आहे कीं, दप्तराचा रुमाल सोडतांना महजर, निवाडपत्र, वंशावळ किंवा पोथीचें पान निघालें तर तें जपून बाजूस ठेवावयाचें, आणि ‘पाद्री लोकांचें कांहीं तरी’ निघालें तर तें रद्दींत घालावयाचें. ही संवय इतिहासाच्या दृष्टीनें हानिकारक आहे असें आमचें मत आहे. पनवेल हें मुंबईहून देशावर जाणाऱ्या जुन्या वाटेवरील बंदर होय. लोहमार्ग होण्यापूर्वी मुंबईहून होडीनें पनवेलीस उतरावयाचें व तेथून बोरघाटानें पुण्याकडे चढावयाचें, असा प्रघात होता. ह्या बाजूच्या घरांत पोथ्यांच्या जोडीला मिशनऱ्यांचीं चोपडीं सांपडावीं, ह्यांत म्हणून नवल नाहीं. तीं वाचतांना एका शब्दाशीं वाचक हटकून अडतो. तो शब्द म्हणजे ‘नीतिमान् ठरणें’ हा होय. ह्या शब्दाचा खरा अर्थ काय, आणि त्यास उत्तम दाखला आपल्याच दप्तरांत कसा आहे, हें दाखविण्याचा ह्या लेखाचा उद्देश आहे. त्या मताचें मंडन किंवा खंडन करण्याचा आमचा हेतु नाहीं.

२. प्रथम शब्दाचें मूळ पाहूं. पौल नांवाच्या प्रेषितानें इ. स. ५७ च्या सुमारास रोम येथील मंडळीस जें पत्र लिहिलें, त्यांत मनुष्याचें तारण कशानें होतें ह्याचा विचार केला आहे. तेथें ‘दिकाइओ’ असें ग्रीक क्रियापद येतें. हें क्रियापद न्यायसभेंतील आहे. वादी व प्रतिवादी उभे असतां न्यायाधीशानें एकाच्या बाजूनें निर्णय द्यावा, त्यास निर्दोष म्हणून जाहीर करावें, असा त्याचा अर्थ होतो. पौल जातीनें यहूदी. त्याच्या मनांत ह्या शब्दामागें हिब्रू भाषेंतील ‘त्सदाका’ व तत्संबद्ध क्रियापद उभें होतें, आणि तें क्रियापदहि मोशेच्या नियमशास्त्रांत न्यायाधीशाच्या कामासच लाविलेलें आहे. आमच्या पनवेलींत बेने इस्रायल लोकांचें ‘बेथ एल’ हें सिनेगॉग इ. स. १८४९ पासून आहे. ‘त्सदाका’ हा शब्द यहूदी लोकांच्या नित्य व्यवहारांत दानधर्म ह्या अर्थीं रूढ आहे. एकाच शब्दांत न्याय, सदाचार व दान हे तिन्ही अर्थ कसे नांदतात, हें त्यावरून ध्यानांत येईल.

पौलाचें म्हणणें थोडक्यांत असें : नियमशास्त्र पाळून कोणीहि मनुष्य ईश्वराच्या न्यायासनापुढें निर्दोष ठरत नाहीं, ख्रिस्ताच्या मरणामुळें, केवळ कृपेनें व विश्वासाच्या द्वारें तो निर्दोष ठरविला जातो. ह्यांतील धक्का देणारी गोष्ट अशी कीं, अपराध्यास निर्दोष ठरविणारा न्यायाधीश यहूदी शास्त्रास निंद्य होता, आणि पौल तर ईश्वर अधर्म्यास नीतिमान् ठरवितो असें स्पष्ट लिहितो. दंड्यास दंड न करणारा राजा अपकीर्तीस व नरकास पात्र होतो, असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आहे. तेव्हां ही अडचण आपल्याकडील शास्त्र्यांस जशी वाटली, तशी ती मूळ यहूदी श्रोत्यांसहि वाटली असली पाहिजे.

३. पुढें ग्रीक शब्दाचें लॅटिन झालें, तेव्हां ‘युस्तिफिकारे’ असा शब्द योजण्यांत आला. त्याचे अवयव पाहिले तर ‘न्यायी करणें’ असा अर्थ निघतो. ‘ठरविणें’ व ‘करणें’ ह्या दोन धातूंमधील अंतरावर पश्चिम ख्रिस्ती जगांत मोठी फूट पडली. मार्टिन लूथर ह्याची चळवळ इ. स. १५१७ त सुरू झाली. त्याच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, हा केवळ निर्णय आहे. ख्रिस्ताचें पुण्य पाप्याच्या खातीं जमा धरलें जातें, आणि आचरणाची सुधारणा हें त्या निर्णयाचें फळ होय, कारण नव्हे. उलट रोमन मंडळीनें ट्रेंट येथील परिषदेच्या सहाव्या अधिवेशनांत, ता. १३ जानेवारी १५४७ रोजीं, असें ठरविलें कीं नीतिमान् होणें म्हणजे नुसती पापक्षमा नव्हे. त्यांत अंतःकरणाचें नूतनीकरण येतें व सत्कर्मांनीं त्याची वृद्धि होते. मात्र आरंभ ईश्वराच्या कृपेनेंच होतो, हें दोन्ही पक्षांस मान्य होतें. रोमन पक्ष स्वतःच्या कर्मानें मोक्ष विकत घेतो, अशी जी समजूत प्रॉटेस्टंट चोपड्यांवरून होते, ती बरोबर नाहीं. हा वाद साडेचारशें वर्षें चालून ता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं ऑग्सबुर्ग येथें लूथरन महासंघ व रोमन मंडळी ह्यांनीं ह्या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मेथॉडिस्ट मंडळ्या २००६ त व रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ त त्यास मिळाल्या. मतभेद सर्वच मिटले असें नाहीं. पण मूळ सिद्धांताविषयीं एकमेकांस शाप देण्याचें कारण उरलें नाहीं, असें त्यांनीं मान्य केलें.

४. आतां मराठीकडे वळूं. मराठींत ख्रिस्ती विचार प्रथम रोमन पंथाच्या द्वारें आला. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ त गोव्यास आला व त्याचें क्रिस्तपुराण इ. स. १६१६ त, म्हणजे शके १५३८ त, रायतूर येथें छापलें गेलें. हा ओवीबद्ध ग्रंथ ट्रेंटच्या परिषदेच्या त्या ठरावानंतर सुमारें सत्तर वर्षांनीं झाला. त्यामागील धर्मशिक्षण त्या परिषदेचें आहे. स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यास ज्यास संकोच वाटला नाहीं, त्या ग्रंथकारानें आपल्या श्रोत्यांच्या परिभाषेंतच विषय उतरविला. प्रॉटेस्टंट परंपरा पुढें दोनशें वर्षांनीं आली. श्रीरामपूर येथें केरीनें वैजनाथ पंडिताच्या साहाय्यानें मराठींत मत्तयाचें शुभवर्तमान १८०५ त व नवा करार १८११ त छापला. अमेरिकन मिशनरी मुंबईस १८१३ त आले व त्यांचा नवा करार १८२६ त पुरा झाला. आज प्रचलित असलेल्या मराठी पवित्र शास्त्रांत पौलाच्या क्रियापदास ‘नीतिमान् ठरविणें’ हा प्रतिशब्द आहे.

हा प्रतिशब्द अर्धा एका बाजूचा व अर्धा दुसऱ्या बाजूचा आहे, असें आम्हांस वाटतें. ‘ठरविणें’ हें क्रियापद न्यायसभेचें आहे. तें पौलाच्या मूळ अर्थास धरून आहे. परंतु ‘नीतिमान्’ हें विशेषण संस्कृतज्ञाच्या कानास सदाचरणी, व्यवहारनिपुण असें ऐकूं येतें. ‘नीतिमान् ठरला’ असें म्हटलें कीं, त्याचें आचरण तपासून पाहिलें व तें चांगलें आढळलें, असाच बोध होतो. पौलास तर याच्या नेमकें उलट सांगावयाचें आहे. आपल्या पूर्वजांस हा सिद्धांत वाचतांना तो एक तर निरर्थक किंवा अनीतिकारक वाटला, ह्याचें एक कारण हा शब्द होय.

५. आमच्या वाचकांस परिचित अशा कागदांत ह्याहून नेमका शब्द होता. गोतसभेपुढें वतनाचा वाद चालून दिव्याचा प्रसंग आला म्हणजे वादी उकळत्या तेलातुपांतून रवा काढी, त्याचा हात पिशवींत बांधून मोहोर करीत, आणि तिसरे दिवशीं पिशवी सोडून पाहत. हात निर्मळ निघाला तर महजरांत ‘खरा जाहला’ असें लिहीत. न निघाला तर ‘खोटा जाहला’. जिंकणाऱ्यास निवाडपत्र मिळे, हरणाऱ्याकडून येजितखत घेत. येथें ‘खरा’ हा शब्द त्या मनुष्याच्या शीलाविषयीं कांहींच सांगत नाहीं. तो एरवीं कसाहि असो, ह्या सभेपुढें, ह्या वादांत, निर्णय त्याच्या बाजूनें झाला व तें वतन त्याचें झालें, एवढाच त्याचा अर्थ. संस्कृत व्यवहारग्रंथांतील ‘जयपत्र’ ह्याच जातीचें. पौलाचें क्रियापद मराठींत ‘खरा होणें’ ह्या महजरी प्रयोगास जितकें जवळ आहे, तितकें ‘नीतिमान्’ ह्या शब्दास नाहीं.

पण साम्याबरोबर भेदहि पाहिला पाहिजे. कात्यायनानें ‘विशुद्धिपत्र’ सांगितलें आहे. तें अभिशापांतून पार पडल्यावर व प्रायश्चित्त केल्यावर मिळावयाचें. मराठेशाहींतील शुद्धीचा क्रमहि तोच. नेताजी पालकर इ. स. १६७६ त स्वधर्मांत परत आला, तो प्रायश्चित्त घेऊन. म्हणजे आधीं प्रायश्चित्त, मग पत्र. लूथरच्या मतांत क्रम उलटा आहे : आधीं पत्र, मग आचरण, आणि प्रायश्चित्त कोणी केलें असेल तर तें दुसऱ्यानेंच.

हा भेद केवळ पंडितांचा नव्हता. इ. स. १८४३ त मुंबईस श्रीपत शेषाद्रि ह्या मुलाचें प्रकरण झालें. त्याचा वडील भाऊ नारायण ह्यानें बाप्तिस्मा घेतला. श्रीपत मिशनऱ्यांच्या घरीं राहिला होता व न्यायालयानें तो अल्पवयी म्हणून त्यास बापाच्या स्वाधीन केलें. त्यास पुन्हा पंक्तीस घ्यावें कीं नाहीं, ह्यावर शहरांत दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावें ह्या पक्षाचे होते व त्याबद्दल त्यांस पुष्कळ सोसावें लागलें. एका घरांत भाऊ ‘कृपेनें नीतिमान् ठरलों’ म्हणून सांगत होता, आणि दुसऱ्या भावास शुद्ध ठरविण्याचा अधिकार कोणाचा ह्याचा खल चालू होता. त्या वेळचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते ह्या दृष्टीनें पाहावे.

६. आपल्या पंडितांचे आक्षेप काय होते? जॉन म्यूर ह्यानें संस्कृतांत मतपरीक्षा हा ग्रंथ १८३९ त काढला. त्यास ज्यांनीं उत्तरें दिलीं, त्यांत सुबाजी बापू व काशीस राहणारे चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे दोन महाराष्ट्रीय होते. गोऱ्ह्यांचा शास्त्रतत्त्वविनिर्णय १८४४-४५ च्या सुमाराचा. त्यांतील मुख्य आक्षेप कर्मसिद्धांतावर उभा आहे : पूर्वकर्म मानलें नाहीं तर जीवांच्या विषम स्थितीचा दोष ईश्वराकडे येतो. ब्रह्मसूत्रांतील वैषम्य व नैर्घृण्य हे दोन शब्द वाचकांस आठवतीलच. ह्याच धोरणानें नीतिमान् ठरण्याच्या सिद्धांतावर आणखी दोन दोष देतां येतील. आपल्या पापाचें फळ भोगल्यावांचून नाहींसें होतें, हा कृतनाश. आणि दुसऱ्याचें पुण्य आपल्या पदरीं पडतें, हा अकृताभ्यागम.

ह्यास ख्रिस्ती पक्षाचें उत्तर व्यवहारशास्त्राच्या भाषेंत मांडतां येतें. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत ख्रिस्तास जामीन म्हटलें आहे. याज्ञवल्क्यानें दर्शन, प्रत्यय व दान असे प्रतिभूचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील तिसरा आपल्या दप्तरांतील मालजामीन होय. मालजामिनानें रक्कम भरली कीं कुळ मोकळें होतें, व तेथें कृतनाशाचा दोष कोणी काढीत नाहीं. मराठी ख्रिस्ती लोक ‘तारण’ हा जो शब्द वापरतात, त्याचा गहाण हा दुसरा अर्थ कर्जरोख्यांत नित्य आढळतो. पण शास्त्री पुन्हा विचारील कीं, पाप हें ऋण कीं अपराध? ऋण दुसऱ्यानें फेडतां येतें. देहदंड दुसऱ्यानें भोगून अपराधी सुटत नाहीं. वादाचें खरें मर्म येथें आहे, आणि युरोपांतील पंडितांसहि तें पुरतें सुटलें आहे असें नाहीं.

ज्या गोऱ्हे शास्त्र्यांनीं हा आक्षेप इतक्या जोरानें मांडला, त्यांनींच १८४८ त जौनपूर येथें बाप्तिस्मा घेतला. तेव्हां त्यांचा आक्षेप अज्ञानाचा होता असें म्हणणें जितकें चुकीचें, तितकेंच त्यांचें मतांतर लोभाचें होतें असें म्हणणेंहि चुकीचें.

७. दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ त इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. परंतु आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, तो पुढें सुमारें आठ वर्षांनीं मिळाला, अशा आशयाचें त्यांनीं १९०७ च्या आत्मनिवेदनांत लिहिलें आहे. संस्कारानें मनुष्य शुद्ध होतो कीं विश्वासानें नीतिमान् ठरतो, हा सोळाव्या शतकांतील प्रश्न एका महाराष्ट्रीय विदुषीच्या आयुष्यांत असा पुन्हा उभा राहिला. बाईंनीं केडगांवीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संबंध पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ त, पुरें प्रसिद्ध झालें. संस्कृत दर्शनांतील अर्थ ज्या शब्दांस चिकटले आहेत, ते शब्द टाळण्याची त्यांची खटपट होती. वेदान्त जाणणारीनेंच त्या शब्दांची भीति बाळगावी, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

रेव्ह. नारायण वामन टिळकांचा मार्ग निराळा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलों, असें ते म्हणत. पण संतांची कृपा आईची आहे, पौलाची कृपा न्यायाधीशाची आहे. मांजरी पिलास तोंडांत धरून नेते, तशी ईश्वर भक्तास नेतो, असें सांगणारे वैष्णव कृपेच्या बाबतींत लूथरच्या जवळ येतात. मात्र त्यांच्या दृष्टांतांत न्यायसभा, निवाडा, जामीन ह्यांपैकीं कांहीं नाहीं.

८. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, मिशनरी चोपडें किंवा त्यास दिलेलें खंडन हातीं आलें तर पौलाच्या क्रियापदास तेथें कोणता मराठी शब्द आहे, तें प्रथम पाहावें. ‘करणें’ आहे कीं ‘ठरविणें’. ‘नीतिमान्’ आहे, ‘न्यायी’ आहे, कीं ‘शुद्ध’. आणि पानावर साल असल्यास तें कोणतें, हें टिपून ठेवावें. अशीं टिपणें जमलीं तर त्या शब्दाचा इतिहास वर्षवार लावतां येईल, व सालाविना राहिलेल्या पानांचा पंथ व काळ ठरविण्यासहि मदत होईल. ज्या कागदांवर आपले पूर्वज इतक्या पोटतिडकीनें भांडले, ते कागद कोणत्या पक्षाचे आहेत हें न पाहतां जपणें, हें संशोधकाचें कर्तव्य होय. इत्यलम्.