शाळेचा हिशेब कोणापुढे?

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षअखेरीस आपला अहवाल सादर केला. मुलांच्या हस्तोद्योगातून शिक्षकाचे वेतन निघावे, ही गांधीजींची अपेक्षा सर्वश्रुत आहे. परंतु अशा योजनेत अर्थकारण वरचढ होऊन शिक्षणाचा हेतू मागे पडेल, मुलांकडून अधिकाधिक श्रम काढून घेण्याकडेच शिक्षकाचे लक्ष राहील, हा धोका समितीने स्वतःच अहवालात नमूद करून ठेवला होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

पुढे अनुदानित शाळांतील वेतन शासकीय तिजोरीतून होऊ लागले. मुलाने सूत कातून ते फेडण्याचा प्रश्न उरला नाही. नेमणुकीचा अधिकार मात्र संस्थाचालकांकडे राहिला. पैसा एकाचा आणि निवड दुसऱ्याची, अशा व्यवस्थेत नोकरीला 'भाव' यावा यात अर्थशास्त्रदृष्ट्या नवल नाही. नवल असलेच तर ते असा सौदा नाकारणाऱ्या चालकांचे. २०१७ साली आलेल्या शिक्षकभरतीच्या प्रणालीने हे स्वातंत्र्य बरेच आवळले. तिचे नाव 'पवित्र' ठेवावेसे वाटले, यातच सारे आले!

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. जिल्हा परिषदेच्या शाळेत ही समिती विकास आराखडा करते, अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवते. अनुदानित खासगी शाळेत मात्र २०१२ च्या दुरुस्तीने तिचे काम केवळ सल्ला देण्यापुरते उरले. म्हणजे जेथे वेतनाचा पैसा जनतेचा आणि सत्ता खासगी, नेमक्या तेथेच पालकांचा हात आखडला गेला.

आणि जेथे अधिकार आहे तेथे तरी काय? ज्या जिल्ह्यात ती परिषद भरली, त्याच जिल्ह्यातील देवळीसारख्या कपाशीच्या तालुक्यात वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला सभा बोलावली, तर सदस्य असलेल्या आईला दिवसाची मजुरी सोडावी लागते. ती येत नाही. मग सहीसाठी वहीच तिच्या घरी गेली, तर गणपूर्ती कागदावर निर्वेध होते. यात कायदा मोडल्याचे कोणाला जाणवतही नाही. सभा दिवेलागणीनंतर ठेवावी, अनुदान किती आले व कशावर खर्चिले ते तिच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवावे, एवढे तर मुख्याध्यापकाच्या हाती आहे. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.